बेल हाउसिंगमधील ऑइल गळतीचा शोध : कार्यशाळेतील प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर, साक्री

दहिवेलजवळच्या एका गावातील शेतकरी, ज्यांना पंचक्रोशीत सगळे नाना म्हणतात, त्यांचा तीन सिलिंडरचा आणि साधारण ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आज कार्यशाळेत दाखल झाला. क्लच घसरतो, ही मुख्य तक्रार आहे. कांद्याने भरलेली ट्रॉली घेऊन कोंडाईबारीचा चढ चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढत जातो आणि चाकांचा वेग मात्र वाढत नाही. इंजिन ऑइलची पातळीही उतरत असते, पण ट्रॅक्टर उभा करतात त्या जागेवर तेलाचा डाग कधी पडलेला नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी ट्रॅक्टर मध्यावर खोलून क्रँकचे मागचे ऑइल सील बदलून घेतले होते. ते सील पुन्हा गेले असून तेवढेच बदलून द्यावे, असे नानांचे म्हणणे आहे.

तेल कमी होते आणि बाहेर डाग पडत नाही, या दोन गोष्टींचा मेळ धुरातूनही बसू शकतो, म्हणून प्रथम इंजिन तापवून सायलेन्सरकडे लक्ष दिले. निळसर धूर नव्हता. त्यानंतर ट्रॅक्टरखाली जाऊन बेल हाउसिंगचा तळ पाहिला. क्लच आणि फ्लायव्हील ज्या पोकळीत फिरतात तिच्या सर्वांत खालच्या भागात एक भोक असते आणि त्यात एक सैल स्प्लिट पिन लोंबत असते. ट्रॅक्टर चालताना ती हलत राहते आणि भोक चिखलाने बुजू देत नाही. इंजिनाच्या बाजूचे किंवा गिअरबॉक्सच्या बाजूचे सील कमकुवत झाले, तर तेल क्लचवर साचण्याऐवजी येथून बाहेर पडावे आणि मालकाला वेळीच कळावे, एवढ्यासाठीच ही सोय आहे. या ट्रॅक्टरला पिनेऐवजी आट्यांचा बूच बसवलेला होता. आषाढात नवापूर भागात भाताच्या चिखलणीसाठी ट्रॅक्टर भाड्याने गेला होता, तेव्हा चिखलाचे पाणी क्लचमध्ये शिरू नये म्हणून हा बूच लावला होता. तो लावणे बरोबरच होते. मात्र चिखलणी संपल्यावर तो काढायचा राहून गेला आणि तेव्हापासून गळणारे सगळे तेल हाउसिंगमध्येच साठत राहिले. बूच सोडताच पाव लिटरच्या आसपास काळे तेल खाली ठेवलेल्या परातीत आले. क्लच का घसरतो याचे उत्तर येथेच मिळाले, परंतु तेल कोठून येते याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाने परातीकडे पाहून लगेच विचारले, “आप्पा, तेल कोठून गळी रायनं?” या प्रकल्पाचा विषय नेमका तेवढाच आहे. त्याला या नोंदींची दुसरी वही घालून दिली असून रोज काय पाहिले ते त्याने स्वतंत्रपणे लिहायचे आहे.

५ नोव्हेंबर

गळणारा द्रव कोणता आहे, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. या पोकळीत तेल येण्याच्या वाटा दोन्ही बाजूंनी आहेत. इंजिनाच्या बाजूने क्रँकचे मागचे सील, त्या सीलच्या कड्याचे पॅकिंग, चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) पॅकिंगचा मागचा कोपरा, ऑइल गॅलरीचे (दाबाच्या तेलाच्या वाटेचे) मागचे बूच, कॅमशाफ्टच्या मागच्या तोंडावरची पत्र्याची टोपी आणि काही इंजिनांत फ्लायव्हीलच्या बोल्टांचे आटे, इतक्या जागांवरून तेल येऊ शकते. गिअरबॉक्सच्या बाजूने इनपुट शाफ्टचे सील आणि त्याच्या कव्हरचे पॅकिंग या जागा आहेत. हा ट्रॅक्टर डबल क्लचचा असल्यामुळे येथे पीटीओचा, म्हणजे अवजारांना शक्ती देणारा, पोकळ शाफ्ट आणि त्याच्या आत फिरणारा मुख्य शाफ्ट अशी दुहेरी रचना आहे व सीलही दोन आहेत, त्यामुळे आतले सील गेले तर गिअर ऑइल सरळ क्लच प्लेटच्या मध्यावर येऊन पडते. शिवाय इंजिनाच्या माथ्यावरून, टॅपेट कव्हरपासून किंवा डिझेलच्या परतीच्या नळीपासून निघालेला ओघळ मागच्या बाजूने उतरून दोन भागांच्या सांध्यातून आत शिरू शकतो.

परातीतले तेल काळे होते म्हणून ते इंजिनाचेच, असा निष्कर्ष बहुतेक ठिकाणी काढला जातो. डिझेल इंजिनाचे तेल काजळीमुळे थोड्याच तासांत काळे होते हे खरे आहे, पण क्लच प्लेटच्या अस्तराची भुकटी मिसळली की मधाच्या रंगाचे गिअर ऑइलही तितकेच काळे दिसू लागते. म्हणून रंगावर विसंबलो नाही. इंजिनातील तेल, गिअरबॉक्समधील तेल आणि परातीतील तेल यांचा प्रत्येकी एक थेंब शोषक कागदावर ठेवून रात्रभर तसाच राहू दिला होता. इंजिनातील तेलाच्या डागात मध्यभागी गडद काजळी, तिच्याभोवती करडे वलय आणि बाहेर फिकट तेलकट कडा उमटली. गिअर ऑइलचा डाग एकसारखा पिवळट पसरला. परातीतील तेलाने पहिल्या डागासारखेच करडे वलय दाखवले आणि मध्यभागी चिमटीत जाणवणारे खरखरीत कणही सोडले. हे कण क्लचच्या अस्तराचे आहेत. वलय मात्र काजळीचे आहे, कारण अस्तराचे जाड कण तेलाबरोबर कागदातून इतके दूर सरकत नाहीत.

वासाचीही परीक्षा घेतली. गिअर ऑइलमध्ये दातांवरील दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेली असतात व त्यामुळे त्याला जो उग्र दर्प येतो, तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. परातीतील तेलाला तो दर्प नव्हता. गिअरबॉक्सची पातळी पट्टीवर पूर्ण भरली आणि इंजिनाची खालच्या खुणेपाशी, हाही पुरावा त्याच दिशेचा आहे. तरीही दोन्ही तेले थोडी थोडी मिसळलेली असण्याची शक्यता आज पूर्ण पुसता येत नाही, कारण दहा भाग इंजिन ऑइलमध्ये एक भाग गिअर ऑइल असेल तर ते नाकाला कळेलच असे नाही.

७ नोव्हेंबर

काल आणि आजचा दिवस सफाईत गेला. आपल्याकडची काळी जमीन कपाशीला मानवणारी असली, तरी गळती शोधणाऱ्याची ती वैरी आहे. तेलात भिजलेली काळी माती हाउसिंगच्या फासळ्यांमध्ये इतकी घट्ट बसते की तिच्यातून तेल आडवे सरकते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. आधी लाकडी पट्टीने माती खरवडली, मग डिझेलने ब्रश मारून धुतले, त्यानंतर साबणाच्या पाण्याने डिझेलचा अंशही घालवला आणि हवेने कोरडे केले. इंजिन ब्लॉकचा मागचा भाग, सिलिंडर हेडची मागची कड, फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर मीटरची नळी, चेंबरची कड आणि गिअरबॉक्सचा पुढचा भाग अशा सगळ्या जागा उघड्या लोखंडासारख्या दिसू लागल्यावरच थांबलो.

त्यावर खडूची बारीक पूड स्पिरिटमध्ये कालवून ब्रशने पातळ थर दिला. स्पिरिट उडून जाते आणि पांढरा, कोरडा लेप राहतो, ज्यावर तेलाचा केसाएवढा ओघळही लगेच गडद उमटतो. बाजारात यासाठी फवारणीचे डबे मिळतात, पण खडूने काम भागते.

इंजिनातील जुने तेल काढून नवे १५डब्ल्यू४० भरले आणि फिल्टरही बदलला. तेल बदलण्याची मुदत झालेली नव्हती, त्यामुळे नानांना हा खर्च अनाठायी वाटला. त्यांना कारण समजावून सांगितले. पुढच्या टप्प्यात इंजिन ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकून अतिनील दिव्याखाली त्याचा माग काढायचा आहे आणि काजळीने काळे झालेले तेल तो प्रकाश गिळून टाकते, म्हणून नव्या तेलातच तो रंग नीट दिसतो.

८ नोव्हेंबर

सकाळी इंजिन जागेवरच चालवले. बराच वेळ चालवूनही लेप पांढरा राहिला आणि तळाच्या भोकातून काही आले नाही. अनेकदा तपासणी येथेच संपते आणि ‘गळत नाही’ असा शेरा मारून गाडी परत जाते. वास्तविक रिकाम्या चालीत तेल पुरेसे तापत नाही, ते घट्टच राहते, आणि चेंबरमधील हवेचा दाबही कमी असतो. त्यामुळे दुपारी नानांच्याच शेजारच्या वावरात, जेथे दादर ज्वारीच्या पेरणीसाठी जमीन तयार करायची होती, रोटाव्हेटर जोडून ट्रॅक्टर पूर्ण भारावर चालवला. भोकाखाली तारेने एक डबी टांगली होती.

तासाभराच्या कामात डबीत १८ मिलिलिटर तेल जमले. लेपाने दुसरी गोष्ट दाखवली. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक ओघळ निघाला होता, पण तो ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत येऊन थांबला होता आणि त्याच्या खालचा लेप सांध्यापर्यंत कोरडा होता. म्हणजे टॅपेट कव्हरचे पॅकिंग पाझरते, परंतु डबीतले तेल त्याचे नाही. धुतलेली गाडी महिनाभर वापरून मग आणली असती, तर हाच ओघळ खाली पोहोचला असता आणि त्याच्यावर सगळा आळ आला असता. कव्हरचे पॅकिंग संध्याकाळी बदलून टाकले, कारण पुढच्या चाचण्यांत तो घोळ नको होता. चेंबरची मागची कड कोरडी होती, फिल्टरची बैठक कोरडी होती आणि डिझेलच्या नळ्याही कोरड्या होत्या. गळती आतली आहे.

१० नोव्हेंबर

आत शिरण्याआधी चेंबरमधील दाब मोजला. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि तो ब्रीदरच्या वाटेने बाहेर जातो. ही वाट अडली तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि चांगले सीलसुद्धा तेल सोडू लागते. अशा इंजिनाला कितीही नवी सीले बसवली तरी उपयोग होत नाही, आणि वर्षभरात सील पुन्हा गेल्याची तक्रार ऐकली की मला पहिली शंका ब्रीदरचीच येते.

मोजमापाला विशेष यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर वाकवून बसवली, तिच्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक ऑइल मोजण्याच्या पट्टीच्या नळीला घट्ट जोडले. दोन्ही भुजांमधील पाण्याच्या उंचीचा फरक हाच दाब असतो. रिकाम्या चालीत फरक ३ सेंटिमीटर होता आणि पीटीओवर पूर्ण भार असताना तो ११ सेंटिमीटरपर्यंत गेला. ब्रीदरची नळी काढून पाहिली तेव्हा तिच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले आढळले, आणि त्याच्या वर पऱ्हाट्या कुट्टी करताना उडालेला कापसाचा भुगा तेलात भिजून गोळा झालेला होता. नळी आणि जाळी धुऊन परत बसवल्यावर तेच आकडे २ आणि ४ असे आले. उघड्या ब्रीदरला ४ सेंटिमीटर म्हणजे रिंगांची आणि लायनरची स्थिती समाधानकारक आहे, इंजिन खोलण्याचे कारण नाही.

ब्रीदर साफ केल्यानंतर त्याच वावरात त्याच खोलीवर पुन्हा रोटाव्हेटर चालवला. डबीत तासाला ११ मिलिलिटर तेल आले. गळती कमी झाली, पण थांबली नाही. दाबामुळे गळती वाढत होती, तो तिचे मूळ नव्हता.

११ नोव्हेंबर

इंजिन ऑइलमध्ये तेलात विरघळणारा चमकणारा रंग टाकला आणि तेल नीट फिरावे म्हणून ट्रॅक्टर दहिवेलपर्यंत नेऊन आणला. अंधार पडल्यावर तळाच्या भोकातून मोबाइलला जोडता येणारा नळीचा कॅमेरा आत सोडला आणि शेजारून अतिनील दिव्याचा झोत दिला. येथे एक खबरदारी आवश्यक आहे. खनिज तेल मुळातच या प्रकाशात निळसर चमकते, त्यामुळे नुसती चमक दिसली म्हणजे रंग सापडला असे होत नाही. तुलनेसाठी गिअरबॉक्समधील तेलाचा थेंब आणि रंग टाकलेल्या इंजिन ऑइलचा थेंब काचपट्टीवर शेजारी शेजारी ठेवले होते. पहिला फिकट निळा दिसत होता, दुसरा पोपटी.

हाउसिंगच्या आत पोपटी चमक स्पष्ट होती. ती इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर आणि फ्लायव्हीलच्या इंजिनाकडील कडेवर होती. कॅमेरा उलट वळवून गिअरबॉक्सची पुढची भिंत, रिलीज बेअरिंगची नळी आणि इनपुट शाफ्टभोवतालचे कव्हर पाहिले, तेथे धूळ कोरडी होती. मिश्रणाची जी शंका ५ तारखेला बाकी ठेवली होती ती येथे संपली. गळती इंजिन ऑइलची आहे आणि गिअरबॉक्स निर्दोष आहे.

इंजिनाच्या बाजूच्या कोणत्या जागेतून तेल येते, हे मात्र या मार्गाने कळणार नाही. फ्लायव्हील सगळ्या जागा झाकून बसले आहे आणि फिरताना मिळेल ते तेल चहूकडे उडवते. ट्रॅक्टर खोलावा लागेल.

नानांना तसे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “खोलायचाच होता तर पहिल्याच दिवशी खोलून सील टाकले असते, आप्पा.” त्यांच्या बोलण्यातली कळकळ समजते, कांद्याच्या लागवडीचे दिवस आहेत आणि भाड्याचा ट्रॅक्टर परवडत नाही. परंतु गेल्या वर्षी नेमके तेच केले गेले होते. सीलची किंमत या कामात नगण्य असते, खरा खर्च ट्रॅक्टरचे दोन भाग वेगळे करण्याचा आणि पुन्हा जुळवण्याचा असतो, आणि एकदा खोलल्यावर आत कोणत्या जागेकडे बोट दाखवायचे हे ठाऊक नसेल तर तो खर्च पुन्हा करावा लागतो. त्यांनी होकार दिला.

१३ नोव्हेंबर

ट्रॅक्टर मध्यावर खोलला. पुढचा आस मध्यभागी खिळीवर डोलणारा असल्यामुळे इंजिनाचे धूड सुटे होताच एका बाजूला कलंडू शकते, म्हणून आस आणि बीम यांच्या मध्ये दोन्हीकडे लाकडी पाचरी ठोकल्यावरच बाकीचे बोल्ट सैल केले. बॅटरी, वायरिंग, डिझेलच्या नळ्या, स्टिअरिंगचा दांडा आणि हायड्रॉलिकच्या नळ्या सोडवल्या, गिअरबॉक्सखाली पक्की घोडी लावली आणि इंजिनाचा भाग चाकांच्या ट्रॉलीवर सरळ रेषेत पुढे सरकवला. शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत दोन्ही भाग एका पातळीत राहिले पाहिजेत, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो.

काहीही न पुसता, प्रथम सगळे दिव्याखाली पाहिले आणि छायाचित्रे घेतली. या कामात पुसण्याचे फडके हे पुरावा नष्ट करणारे पहिले हत्यार असते. क्लच प्लेटचे अस्तर कडेकडून भिजलेले होते आणि मधला भाग त्या मानाने कोरडा होता. इनपुट शाफ्टचे सील गळत असते तर तेल मध्यावर येऊन बाहेरच्या दिशेने फेकले गेले असते. फ्लायव्हीलच्या क्लचकडील तोंडावर बोल्टांच्या डोक्यांपासून निघून कडेकडे जाणाऱ्या रेषा नव्हत्या, म्हणून बोल्टांच्या आट्यांचीही शंका संपली. मग फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यावर जुळणीची खूण करून फ्लायव्हील काढले.

मागच्या पत्र्यावर जे दिसले ते इतके स्वच्छ होते की शिकणाऱ्या मुलाला बोलावून त्यालाच वाचायला सांगितले. क्रँकच्या सीलभोवतीचा वरचा भाग पोपटी चमकत होता, पण सीलच्या खालचा अर्धा भाग कोरडा होता. सीलची कड गळत असेल तर तेल सर्वांत आधी खालच्या बाजूला साठते आणि तेथूनच ओघळ सुरू होतो. येथे तेल सीलच्या माथ्यावर येऊन त्याला वळसा घालून खाली गेले होते. ओघळ वरच्या दिशेने मागे नेत गेलो, तेव्हा तो क्रँकच्या मध्यापेक्षा वर आणि एका बाजूला असलेल्या कॅमशाफ्टच्या तोंडावरील पत्र्याच्या टोपीपाशी संपला. टोपीच्या खालच्या काठावर पोपटी थेंब लोंबत होता आणि तिच्या वर काहीच नव्हते. तेल खालून वर चढत नाही, त्यामुळे चमकीचा सर्वांत वरचा बिंदू हाच उगम मानावा लागतो.

१४ नोव्हेंबर

डोळ्यांनी दिसले तरी दाबाची चाचणी घेतली. सगळा मागचा भाग पेट्रोलने स्वच्छ करून कोरडा केला, ब्रीदर आणि तेल भरण्याचे तोंड बंद केले आणि पट्टीच्या नळीतून फूटपंपाने हलकी हवा भरली. दाब ०.१ बारच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या साधारण एक मीटर उंचीइतकाच ठेवला, कारण कॉम्प्रेसरची हवा थेट सोडली तर शाबूत सीलची कड उलटी होऊन नवे दुखणे निर्माण होते. रिंगांमधून थोडी हवा निसटतच राहते, त्यामुळे पंप सतत मारावा लागतो. साबणाचे पाणी लावताच टोपीच्या खालच्या काठावर बुडबुड्यांची ओळ उठली. सीलवर एकही बुडबुडा नव्हता, त्याच्या कड्याच्या पॅकिंगवरही नव्हता.

ऑइल गॅलरीचे मागचे बूच या चाचणीत कळत नाही, कारण ते चेंबरच्या पोकळीत नसून दाबाच्या तेलाच्या वाटेवर असते. प्रेशर मीटरच्या जागेतून हातपंपाने ३ बार दाबाने तेल भरून ते वेगळे तपासले. ते कोरडे राहिले. या तपासणीत टोपीपाशी मात्र तेल लवकर आले. मागच्या कॅम बुशला याच गॅलरीतून दाबाचे तेल मिळते आणि बुशमधून निसटलेले तेल टोपीच्या मागे येऊन तेथून चेंबरमध्ये परतते. तेल तापून पातळ झाले आणि इंजिन जोरात फिरू लागले की हे निसटणे वाढते, आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर चेंबरमधील दाब त्या तेलाला बाहेर रेटतो. रिकाम्या चालीत कोरडे आणि रोटाव्हेटरवर ओले, या ८ तारखेच्या निरीक्षणाचा उलगडा यातून होतो.

टोपी का गळू लागली? खोलीमापकाने तिच्या काठाची खोली मोजली तर एका बाजूला ती दुसऱ्या बाजूपेक्षा दीड मिलिमीटर जास्त आत गेलेली होती, आणि मधोमध हातोडीच्या टोकाचे ठोसे होते. कपाच्या आकाराची टोपी मधोमध ठोकली तर तिचा तळ आत दबतो, काठ किंचित आकसतात आणि पकड जाते. ती कधी आणि कोणी बसवली हे सांगता येणार नाही, कॅमचे बुश बदलण्याचे काम या इंजिनावर पूर्वी केव्हातरी झाले असावे.

१५ नोव्हेंबर

धुळ्याहून सुटे भाग आणले. टोपीच्या छिद्रातील जुना गंज आणि कडेवरची उचललेली धातूची कोर बारीक पॉलिश कागदाने काढली, व्यास तीन दिशांनी मोजून छिद्र गोल असल्याची खात्री केली. नव्या टोपीच्या काठाला सीलिंगचा द्रव लावला आणि तिच्या आतल्या व्यासाला नेमका बसणारा गोल ठोकणा खराद्यावर तयार करून घेऊन ती सरळ आत बसवली. काठाची खोली चारही बाजूंनी सारखी आली.

क्रँकचे सील शाबूत होते, तरी इथवर आल्यावर ते बदलले. शाफ्टवर जुन्या कडेने पाडलेली रेघ नखाला जेमतेम जाणवत होती, म्हणून नवे सील थोडे कमी खोलीवर बसवले, जेणेकरून त्याची कड अस्पर्शित जागेवर फिरेल. सीलचे कडे शाफ्टशी मध्यात आहे की नाही हे डायल गेजने पाहिले आणि क्रँकची पुढे-मागे होणारी हालचालही मोजली. दोन्ही मापे मॅन्युअलच्या मर्यादेत आहेत. इनपुट शाफ्टची दोन्ही सीले कोरडी असली तरी त्यांचे रबर नखाला कडक लागत होते, त्यामुळे तीही बदलली. चालू असलेल्या भागाला हात लावू नये, या मताचा मी आहे, परंतु ज्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी ट्रॅक्टर दोन तुकड्यांत करावा लागतो त्याला हा नियम लावणे मालकाच्या खिशाला परवडणारे नाही.

तेल प्यायलेली क्लच प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा वापरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. अस्तराच्या आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते, म्हणून नवी प्लेट टाकली. फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंगही नवे घातले.

१७ नोव्हेंबर

दोन्ही भाग जोडले. हाउसिंगच्या फासळ्यांत आणि पत्र्यामागे थोडे जुने तेल नेहमी राहतेच आणि पहिल्या एकदोन दिवसांत ते उतरते. त्याला नवी गळती समजून घाबरू नये म्हणून जोडण्यापूर्वी पोकळी दोनदा धुतली, तरी नानांना तशी कल्पना देऊन ठेवली. तळाच्या भोकात नवी स्प्लिट पिन घातली. चिखलणीचा बूच लाल रंगवून साखळीने टूलबॉक्सला अडकवला आणि तो बसवल्यावर आठवणीची खूण म्हणून स्टिअरिंगला चिंधी बांधायची, असे ठरले.

२१ नोव्हेंबर

ट्रॅक्टर पुन्हा नानांच्या कामावर आहे. रोटाव्हेटरवर पूर्ण भारात चालवून डबी पाहिली, पहिल्या तासात दोनतीन थेंब होते आणि ते अतिनील दिव्याखाली पोपटी दिसले तरी त्यात खडूची पूडही होती, म्हणजे ते उरलेल्या तेलाचेच आहेत. दुसऱ्या तासाला डबी कोरडी राहिली. चेंबरमधील दाब भारावर ४ सेंटिमीटरच आहे. ट्रॉली भरून कोंडाईबारीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरला नाही. टॅपेट कव्हरचा कोपरा कोरडा आहे.

मागे पीटीओच्या शाफ्टच्या बाहेरील सीलभोवती हलका ओलावा दिसला. तो गिअर ऑइलचा आहे, वासानेच कळतो, आणि त्या सीलसाठी ट्रॅक्टर मध्यावर खोलावा लागत नाही. कांद्याची लागवड उरकल्यावर ते बदलायचे आहे, सील आणून फळीवर ठेवले आहे.